कानवाल्यांची मुलगी

कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या त्या गृहस्थांना सगळं शहर कानवाले म्हणायचं. त्यांना नाव होतंच, पण ते दुकानाच्या पाटीवरसुद्धा नव्हतं. पाटीवर एक भला मोठा कान रंगवलेला आणि त्याखाली 'कॅमेरा दुरुस्ती'. एखादा नवखा माणूस कान दुखतोय म्हणून जिना चढून वर यायचा आणि दोन शेलके शब्द ऐकून खाली उतरायचा. कान दुखायचा राहायचा की नाही कोण जाणे, पण तो परत यायचा नाही.

त्यांची रीत अशी. गिऱ्हाइकाने कॅमेरा टेबलावर ठेवला आणि 'काय होतंय माहितेय का काका' असं सुरू केलं की ते हात वर करायचे. "तुम्ही बोलू नका. त्याला बोलू द्या." मग लेन्स काढायची, कॅमेरा कानापासून बोटभर अंतरावर धरायचा, डोळे मिटायचे आणि बटण दाबायचं. एकदा, दोनदा, तीनदा. या कॅमेऱ्यात बटण दाबलं की आतला आरसा वर उठतो, मग त्याच्या मागच्या बारीक पात्यांच्या दोन पडद्यांपैकी पहिला उघडतो आणि दुसरा मिटतो, शेवटी आरसा पुन्हा खाली बसतो. पापणी लवायच्या आत सगळा खेळ खलास. तुम्हा-आम्हाला नुसतं 'खटॅक' ऐकू येतं. कानवाल्यांना त्या एका खटॅकमध्ये चार-पाच आवाज सुटे ऐकू यायचे. डोळे उघडून ते निकाल द्यायचे, "आरसा. उठतोय बरा, बसताना अडखळतोय. डाव्या अंगाची खीळ झिजलीय." कॅमेरा खोलला की डाव्या अंगाची खीळ झिजलेलीच निघायची. खोटं कशाला बोला, माणसाकडे विद्या होती.

कॅमेरा त्यांनी कधी गालाला किंवा डोक्याला टेकवला नाही. "अंगाला लावून ऐकणं म्हणजे शेजारच्याच्या वहीत बघून लिहिणं," असं ते दर आठवड्याला कुणाला तरी सुनवायचे. जीभ तर अशी की विचारू नका. लग्नाचे फोटो काढणारा एक गरीब बिचारा, सगळे फोटो हलतात म्हणून रडकुंडीला आला होता. त्याला भर दुकानात म्हणाले, "कॅमेरा ठणठणीत आहे. याला फक्त मालक बदलून द्या." बाकावरचे चौघे पोट धरून हसले. ज्याच्यावर विनोद झाला तोही हसला, कारण कॅमेरा पुन्हा बिघडला तर यायचं इथेच होतं.

कॅमेरा खोलायची मात्र त्यांची मुलगी. आई गेली तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती, त्याच महिन्यात बाबांनी तिला टेबलाशी बसवलं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी तिच्या हातात एक उघडा कॅमेरा दिला आणि म्हणाले, "फ्लॅशच्या बाजूची ती काळी नळी बाजूला कर." त्या नळीत वीज साठून राहते, बॅटरी काढली तरी राहते, आणि ती आधी उतरवायची असते, हे ते बोललेच नाहीत. तिने बोट लावलं आणि स्टुलावरून मागे फेकली गेली. बोटाच्या टोकाला पांढरा डाग पडला. बाबा चहा पीत बघत होते. "आता जन्मात विसरणार नाहीस," ते म्हणाले. खरंच विसरली नाही, पण वीज उतरवायचं तेवढंच लक्षात राहिलं असं नाही.

ती सव्वीस वर्षांची असताना एक स्थळ आलं होतं. मुलगा शाळेत शिक्षक होता, साधा, बोलायला बरा. त्याच्या आईवडिलांना बाबा म्हणाले, "मुलगी गुणाची आहे हो. फक्त एकदा सांगितलेलं तिला कळत नाही, दहादा सांगावं लागतं. तेवढं सांभाळून घ्या." ती आतल्या खोलीत कपबश्या मांडत होती. माणसं चहा पिऊन गेली ती गेलीच. बाबांना मुलगी जड झाली नव्हती, उलट ती गेली तर एकोणीस-एकोणीस स्क्रू काढून बसणार कोण, हा त्यांचा प्रश्न होता. हे तिला त्या दिवशीच कळलं, एकदाही न सांगता.

आणि कान? कान तिलाही होता. हे तिचं तिलाच हळूहळू उमगलं. दिवसभर तेच आवाज ऐकून ऐकून एके दिवशी तिलाही ते सुटे सुटे ऐकू यायला लागले, जसं गर्दीत आपल्या घरच्यांचं बोलणं वेगळं ऐकू येतं. एकदा ती गिऱ्हाइकासमोर पटकन बोलून गेली, "बाबा, हा पडदा वाटतोय." बाबा तिच्याकडे न बघता गिऱ्हाइकाला म्हणाले, "बघा, स्टुलालापण कान फुटले." पडदाच निघाला. तेव्हा म्हणाले, "बोलाफुलाला गाठ पडली." त्यानंतर तिने तोंड उघडलं नाही, पण ऐकणं काही थांबवता येत नाही.

दुकानात तिसरं माणूस म्हणजे बाबांचा पुतण्या. त्याला ती मनातल्या मनात पावडर म्हणायची. रोज सकाळी मानेपर्यंत पावडर थापून यायचा, आणि जिथे धुळीचा कण आत गेला तर प्रत्येक फोटोवर ठिपका उमटतो त्या दुकानात बसायचा. त्याचं काम पावत्या फाडणं आणि हसून बोलणं. आयुष्यात एकदा त्याने एक कॅमेरा खोलला होता. परत जोडला तेव्हा चार स्क्रू उरले. "कंपनीने जास्तीचे दिले असतील," तो म्हणाला. बाबांना ते इतकं आवडलं की वर्षभर ते येईल त्याला सांगत होते. हीच गोष्ट मुलीकडून झाली असती तर तिला त्या चार स्क्रूंनी आयुष्यभर टोचलं असतं.

ती पस्तीस वर्षांची असताना एके दिवशी बाबांनी कॅमेरा गालफडाला टेकवला. मुलीने ते पाहिलं आणि तिचा हात जागच्या जागी थांबला. आठवड्याभरात तिने ते पुन्हा पाहिलं. बाबांना बोलणं अजून नीट ऐकू यायचं, गेले होते ते बारीक, टोकदार आवाज. कॅमेऱ्याचं खटॅक त्यांना बहुधा दोन घरं पलीकडे कुणी दार लावल्यासारखं येत असावं. एका वर्तमानपत्राच्या फोटोग्राफरच्या कॅमेऱ्याला त्यांनी आरसा सांगितला. तिने खोलला तर आरसा उत्तम, लेन्सची झडप ओढणारी आतली दांडी वाकलेली. तिने दांडी सरळ केली आणि पावतीवर आरसा लिहिला. दुसऱ्या वेळी मात्र गिऱ्हाईक समोरच उभं होतं. बाबांनी मोटर सांगितली, नवी मोटर बसवली, आणि कॅमेरा होता तसाच. बाबा जराही न चाचरता म्हणाले, "हिने खोलताना काहीतरी बिघडवलं असणार." गिऱ्हाइकाने तिच्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं.

पुढे एका दुपारी असंच एक गिऱ्हाईक समोर उभं, बाबांचे डोळे मिटलेले, तीनदा बटण दाबून झालेलं, आणि निकाल काही येईना. कपाळावर घाम. ती कॅमेरा घ्यायला मागे उभी होती. तिचा डावा हात त्यांच्या खांद्यावर गेला आणि बोट दोनदा टेकलं. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. आत आधी हलतो तो आरसा पहिला, पडदा दुसरा, हे बाबांना वेगळं सांगायला नको होतं. ते म्हणाले, "पडदा."

त्या दिवसापासून तेच चालू झालं. एकदा बोट टेकलं तर आरसा, दोनदा पडदा, तीनदा दांडी, चारदा मोटर. ती मागे उभी राहून उजव्या हाताने कॅमेरा त्यांच्या कानाशी धरायची, बटण दाबायची, आणि डावा हात खांद्यावर. लोकांना ते दृश्य फार गोड वाटायचं. या वयात मुलगी बापाला किती जपते, असं बाकावर बसून म्हणायचे. या व्यवहाराबद्दल दोघांत एक अक्षरही झालं नाही. तिला मात्र वाटायचं, न बोलता का होईना, बाबांनी मानलं. आज ना उद्या चारचौघांत बोलतीलही. एवढ्या एका आशेवर तिने दोन वर्षांत एकही निकाल चुकू दिला नाही.

मग शहरातल्या फोटोग्राफर मंडळींनी कानवाल्यांचा सत्कार ठरवला. रविवारी सकाळी, वाचनालयाच्या वरच्या सभागृहात. पाच सभासद पाच बिघडलेले कॅमेरे आणणार, कानवाले सगळ्यांसमोर ऐकून दोष सांगणार, आणि शेवटी आपल्यामागे दुकान कोण चालवणार ते जाहीर करणार. बाबा सत्तरीचे झाले होते. ती अडतीसची. ते टेबल, ती अवजारं, दुकानाचं भाडेपत्र, सगळं बाबांच्या नावावर. टेबल गेलं तर तिच्याजवळ दहा बोटांशिवाय काही नव्हतं.

शनिवारी दुकान आवरताना तिने विचारलं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा काही मागितलं.

"बाबा, उद्या माझं नाव घ्याल ना?"

बाबांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, "उद्या खांद्यावरचा हात जरा हलका ठेव. लोक पुढे बसलेले असतात."

म्हणजे बोलले! आडून का होईना, बोलले. यालाच ती हो समजली. बाबांना ओळखण्यात तिने इतकी वर्षं घालवली, आणि तरी ही चूक तिच्याकडूनच व्हायची होती.

सभागृहात शंभरेक माणसं होती आणि त्यातल्या निम्म्यांच्या गळ्यात कॅमेरे. पंखे घरघरत होते, ध्वनिक्षेपक हुं करून गात होता. अशा ठिकाणी बाबांना दोन घरं पलीकडचं दारही ऐकू येणार नाही, हे तिला आल्या आल्या कळलं. तिने हात हलका ठेवला. पहिला कॅमेरा, बोट एकदा. "आरसा. वर गेला की चिकटून राहतोय. आरसा टेकतो त्या उशीत चिकटा सुटलाय." मालकाने मान डोलवली, टाळ्या पडल्या. दुसरा, तीनदा. "दांडी." तिसरा, चारदा. "मोटरचा दात तुटलाय." चौथा पुन्हा आरसा. बाबांना आता रंग चढला होता. नाटकी थांबे घेत होते, बारकावे पदरचे जोडत होते, मधेच हसत होते. पहिल्या रांगेत पावडर पाय हलवत बसला होता, नवा शर्ट घालून.

पाचवा कॅमेरा अध्यक्षांचा स्वतःचा. तो त्यांनी तिच्या हातात दिला, पण त्याआधी हौसेने ध्वनिक्षेपक बाबांच्या तोंडाशी नेला. "कानवाले, ही विद्या तुमच्यामागे कुणाकडे? सगळ्यांना उत्सुकता आहे."

"माझ्या पुतण्याकडे," बाबा म्हणाले. "टेबल त्याचं. मी त्याला शब्द दिलाय."

"आणि मुलगी?" अध्यक्षांनी विचारलं. भला माणूस, उगीच विचारलं.

"तिला कान नाही हो," बाबा म्हणाले. "हात बरे आहेत, नाही कोण म्हणतं. पण हात काय, बाजारात मिळतात. कान वरून घेऊन यावा लागतो. दोष नाही तिचा, बहिरीला सूर कसा कळणार? बॅटऱ्या भरून ठेवते, पोरगी कामसू आहे."

सभागृह मायेने हसलं. तिचा हात अजून त्यांच्या खांद्यावर होता, आणि बाबा हसले तेव्हा त्यांचा खांदा तिच्या तळव्याखाली हलला. ते हसू तिला हातातून कोपरापर्यंत कळलं. तिला राग आला नाही, निदान राग येतो तसा आला नाही. आतलं सगळं एकदम स्वच्छ आणि कोरडं झालं. फक्त आता काय करायचं ते दिसत होतं.

"चला, शेवटचा," बाबा म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले.

तिने कॅमेऱ्याच्या तळाचं झाकण उघडलं आणि बॅटरी बाहेर काढली. ती दोन बोटांत धरून उंच केली, डावीकडून उजवीकडे सगळ्यांना दाखवली. पहिल्या रांगेतले हसले. त्यांना वाटलं, हाही परीक्षेचाच भाग, आता कानवाले म्हणणार, अगं बॅटरी कुठाय. अध्यक्षांनी तर तोंडावर बोट ठेवून मागच्यांना गप्प केलं. तिने बॅटरी खिशात टाकली, कॅमेरा बाबांच्या कानापासून बोटभर अंतरावर धरला आणि बटण दाबलं. एकदा, दोनदा, तीनदा. आतलं एक पातंही हललं नाही. मग तिने डाव्या हाताचं बोट त्यांच्या खांद्यावर दोनदा टेकवलं, अगदी हलकं, सांगितलं होतं तसं.

बाबांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं.

"पडदा," ते म्हणाले. "दुसरा पडदा. तिसरं पातं वाकलंय, मिटताना बारीक घासतंय. येतंय का ऐकू तुम्हाला? नाही यायचं. त्याला कान लागतो."

कुणी हसलं नाही. पंख्यांची घरघर तेवढी राहिली. मग मागून कुणाला तरी फसकन हसू फुटलं, त्याने ते दाबलं, दुसऱ्याला फुटलं, आणि मग आवरेनासं झालं. लोक वाईट नव्हते, पण हसू हे शिंकेसारखं असतं. ज्याला ज्याला म्हणून बाबांनी कधी मालक बदला म्हणून सुनावलं होतं तो तो मनसोक्त हसला. बाबांनी डोळे उघडले. इतकी माणसं हसताना पाहून तेही हसले आणि त्यांनी हात जोडून मान लववली. पावडरने मात्र मान खाली घातली. तेवढं त्यालाही कळलं.

तिने खिशातून बॅटरी काढून त्यांच्या जोडलेल्या हातांत ठेवली.

बाबा तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी कॅमेरा घेतला, तळाच्या उघड्या झाकणातून आत बोट घातलं आणि ते तिथेच ठेवलं. तोंडाचा रंग उडाला. खरं सांगायचं तर त्या क्षणी तिला बरं वाटलं. पोटभर बरं वाटलं, आणि ते तिने स्वतःपासून लपवलं नाही. बाबा तिच्याकडे झुकले आणि ध्वनिक्षेपकाला ऐकू जाणार नाही इतक्या खाली आवाजात म्हणाले, "आधीचे चार तरी बरोबर होते ना गं?"

अध्यक्षांनी घाईघाईने प्रमाणपत्र त्यांच्या हातात कोंबलं आणि सवयीने पन्नास कॅमेरे त्यांच्याकडे वळले. फोटोग्राफरच ते, दुसरं काय करणार.

महिन्याभरात पावडर मोबाइलच्या दुकानात लागला. तिथे हसून बोललं की भागतं. टेबल तिचं झालं, कुणी न देता. काही जुन्या गिऱ्हाइकांनी कानाला हात लावले, भर सभेत बापाची अशी अब्रू काढणारी पोर वैऱ्यालाही नको म्हणाले. पुढे त्यांचेही कॅमेरे बिघडले आणि तेही जिना चढून वर आले. ती डोळे उघडे ठेवून ऐकते, आधी लेन्स बदलून बघते, बॅटरीची टोकं पुसते, माणसाला काय झालं ते सांगू देते, आणि मग खोलते. तिच्या कामाबद्दल कुणाची तक्रार नाही. तिचं नाव मात्र अजून कुणी घेत नाही, कानवाल्यांची मुलगी म्हणतात.

बाबा रोज दुकानात येतात. पावडरच्या खुर्चीत बसतात आणि तिच्या तोंडाकडे बघत राहतात, कारण आता त्यांना बोलणंही निम्मंशिम्मंच येतं. सुरुवातीला ते त्या चारांबद्दल विचारायचे. मग आदल्या वर्षीच्या कॅमेऱ्यांबद्दल, मग त्याच्याही आदल्या. आता ते पार मागे गेलेत. खोलल्यावर आत काय निघालं ते फक्त तिनेच पाहिलेलं, पावत्यासुद्धा तिच्याच सांगण्यावरून लिहिलेल्या. पुरावा म्हणून तिच्याशिवाय जगात काही उरलेलं नाही, हे त्यांनी एव्हाना ताडलंय.

परवा गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा ते खुर्ची ओढत टेबलाजवळ आले.

"तो डोंगरावर जाणारा मुलगा यायचा बघ," ते म्हणाले. "पंधरा वर्षं झाली असतील. त्याचे फोटो वरून अर्धे काळे यायचे. मी ऐकून सांगितलं होतं, पहिला पडदा, दुसरं पातं, मधोमध मुडपलंय. तू खोललास. तसंच होतं ना?"

तिला तो कॅमेरा लख्ख आठवत होता. पहिला पडदा, दुसरं पातं, मधोमध मुडपलेलं, केसाइतकं. त्या दिवशी तिने बाबांकडे पाहिलं होतं आणि असा माणूस जगात दुसरा नसेल असं तिला वाटलं होतं. एक हो म्हणायला काय लागत होतं?

"आठवत नाही," ती म्हणाली. बाबा तोंडाकडे बघतच राहिले, तेव्हा त्यांना नीट कळावं म्हणून तिने स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला आणि तेच पुन्हा मोठ्याने म्हणाली.